आपत्कालीन सेवकांचे मानसिक स्वास्थ्य
अग्निशामक जवान, रुग्णवाहिकेवरील कर्मचारी, पोलीस व बचावपथके यांना वारंवार मृत्यू पाहावा लागल्याने जडणारा ताण आणि त्यावरील उपाय. ढिगाऱ्याखालून लहान मुलाचा मृतदेह काढलेल्या जवानाची झोप उडते, तोच वास नाकात राहतो, घरी विनाकारण चिडचिड होते. ही लक्षणे महिन्याहून अधिक टिकल्यास आघातोत्तर तणाव विकाराची तपासणी करतात. अमेरिकेत जेफ्री मिचेल यांनी 1983 मध्ये घटनेनंतर गटाला बोलते करण्याची पद्धत मांडली. ती झपाट्याने पसरली. पण अशा एकाच बैठकीने विकार टळतो, असे पुढील अभ्यासांत दिसले नाही. सहकाऱ्यांचा आधार, विश्रांती व गोपनीय समुपदेशन अधिक भरवशाचे. मदत मागितल्यास बढती अडेल ही भीती मात्र अनेकांना गप्प ठेवते. भारतात टेलि-मानसची 14416 ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत दूरध्वनी सेवा 2022 पासून चोवीस तास उपलब्ध आहे.