माध्यमकेंद्र, घरगुती

घरातील ध्वनिमुद्रणे, चलचित्रे, छायाचित्रे इ. सामग्री एका संचयसाधनात एकत्र साठवून ती दूरचित्रवाणी संच, संगणक, भ्रमणध्वनी अशा घरातील सर्व साधनांवर हवी तेव्हा ऐकण्या-पाहण्याची जी व्यवस्था, तिला घरगुती माध्यमकेंद्र म्हणतात. साठवलेली सामग्री सलग प्रवाहाच्या रूपाने दुसऱ्या साधनाकडे पाठविणे (प्रवाहन, रूढ भाषेत स्ट्रीमिंग) आणि निरनिराळ्या साधनांवरील प्रती परस्परांशी जुळत्या ठेवणे (समक्रमण) ही तिची दोन मुख्य कार्ये होत. ही व्यवस्था संगणकयुगातील असली, तरी तिच्या मुळाशी असलेला प्रश्न बराच जुना आहे. घरात ऐकले जाणारे गाणे घराच्या मालकीचे असते, की बाहेरून काही काळापुरते आलेले असते, हा तो प्रश्न होय. पुणे जिल्ह्यात व विशेषतः पुणे-अहिल्यानगर मार्गावरील गावांत या प्रश्नाची उत्तरे पिढीगणिक कशी बदलत गेली, हे चांगले दिसून येते.

गाणे विकत घेऊन घरात ठेवण्याची सोय प्रथम ग्रामोफोनने केली. भारतात व्यापारी ध्वनिमुद्रणास १९०२ मध्ये कलकत्त्यात प्रारंभ झाला. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर सु. तीन मिनिटांचे गायन मावत असे. त्यामुळे नाट्यपदे व ख्याल यांना तेवढ्या वेळात आटोपते घ्यावे लागले. तबकडी ही वस्तू होती. ती कपाटात राही, वारसाने पुढे जाई. नभोवाणीने ही स्थिती उलटविली. मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी व पुण्याचे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. नभोवाणीवरील कार्यक्रम विनामूल्य ऐकू येई असे म्हटले जाते. परंतु संचासाठी टपाल कार्यालयातून वार्षिक परवाना घ्यावा लागे आणि ऐकलेले काहीही श्रोत्याच्या हाती उरत नसे.

ग्रामीण भागात तर संच सहसा घरात नव्हताच. तो चावडीवर किंवा ग्रामपंचायतीत असे. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पुणे व आसपासच्या मराठी भाषिक जिल्ह्यांतील सु. दीडशे खेड्यांत शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. मंडळाचे सभासद आठवड्यातून दोनदा एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत व आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. टाटा समाजविज्ञान संस्थेने प्रयोगाचे मूल्यमापन केले आणि १९५९ पासून तो देशभर स्वीकारण्यात आला. येथे श्रवण ही घरगुती नव्हे, तर गावकीची क्रिया होती. पुढे ट्रांझिस्टर संच स्वस्त झाले, तसे श्रोते आपापल्या ओसरीवर परतले.

खरा पालट ध्वनिफितीने झाला. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये प्रचारात आणलेली छोटी कॅसेट भारतात १९८० च्या सुमारास सर्वत्र पसरली. तिच्यावर नुसते ऐकता येत नसे, तर मुद्रितही करता येई. आणि ग्राहकाला मुद्रणाचा अधिकार देणारे हे या मार्गावरील पहिले स्वस्त साधन होते. ग्रामोफोन कंपनीची मक्तेदारी मोडली. प्रादेशिक बोलींतील लोकगीते, कीर्तने, तमाशाचे वग यांना बाजार मिळाला. याचा सर्वांत दूरगामी परिणाम भीमगीतांच्या बाबतीत झाला. वामनदादा कर्डकांसारख्या कवींच्या रचना गायनपार्ट्यांतून गावोगाव गायल्या जात. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्या आवाजातील ध्वनिफितींमुळे हे संगीत वस्त्यांतील घराघरांत नित्याचे झाले.

शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमा हे गाव या दृष्टीने लक्षणीय आहे. पुण्याच्या ईशान्येस सु. ३० किमी.वर भीमा नदीकाठी ते वसले असून, १ जानेवारी १८१८ रोजी ईस्ट इंडिया कंपनीचे सैन्य व दुसऱ्या बाजीराव पेशव्याचे सैन्य यांत येथे लढाई झाली. कंपनीच्या फौजेत महार सैनिक मोठ्या संख्येने होते. तिचा स्मृतिस्तंभ नदीपलीकडे पेरणे येथे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १ जानेवारी १९२७ रोजी त्यास भेट दिली, आणि दर वर्षी त्या दिवशी मोठा जनसमुदाय तेथे लोटतो. चैत्यभूमी, दीक्षाभूमी व कोरेगाव भीमा येथील अशा मेळाव्यांतून लोक पुस्तके, प्रतिमा आणि गीते घेऊन घरी परततात. पूर्वी गीते ध्वनिफितीवर, नंतर तबकडीवर व त्याही नंतर भ्रमणध्वनीच्या स्मरणपत्रावर नेली गेली. घरी मुद्रित केलेल्या ध्वनिफितींत असे बरेच काही आहे, की जे कोणत्याही कंपनीच्या सूचीत आढळणार नाही: एखाद्या जलशाची रात्र, एखाद्या शाहिराचा उतारवयातील आवाज. त्यांची दुसरी प्रत बहुधा नसते. घरगुती माध्यमकेंद्राचे महत्त्व करमणुकीपेक्षा येथे अधिक आहे.

दूरचित्रवाणीचा विस्तार तुलनेने सरळ आहे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, पुढील वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकाद्वारे पुण्यास ते दिसू लागले, १९८२ मध्ये रंग आले व १९९१ नंतर उपग्रहवाहिन्या केबलवाटे घरात शिरल्या. कोरेगाव भीमाहून त्याच मार्गावर सु. २० किमी. पुढे असलेल्या रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत २००४ मध्ये एलजी या कोरियन कंपनीचा कारखाना सुरू होऊन तेथे दूरचित्रवाणी संचांचे उत्पादन होऊ लागले. ज्या तालुक्यातील चावडीवर एके काळी एकच नभोवाणी संच असे, तेथे संच बनविण्याचा उद्योग उभा राहिला.

संगणकाधिष्ठित माध्यमकेंद्राचा प्रारंभ २००२ च्या सुमाराचा आहे. त्या वर्षी मायक्रोसॉफ्टने या कामासाठी विंडोजची स्वतंत्र आवृत्ती काढली आणि हौशी आज्ञावलीकारांनी एक्सबॉक्स या खेळयंत्रावर चालणारी मुक्त प्रणाली रचली; तिचेच नाव २०१४ पासून कोडी असे आहे. २०१२ मध्ये रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक आल्यावर खर्च एकदम उतरला. जुना संगणक, एक चकती व घरातील बिनतारी जाळे एवढ्यावर काम भागते. जेलीफिन (२०१८) ही मुक्त प्रणाली सामग्रीची सूची करते व ज्या संचास मूळ स्वरूप वाचता येत नाही, त्यासाठी ते जागच्या जागी पालटून देते. खेड्यांत मात्र प्रश्न विजेचा होता. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात दिवसाचे अनेक तास भारनियमन असे. गावठाणाचा पुरवठा शेतीच्या पुरवठ्यापासून वेगळा काढण्यात आल्यावर घरातील साधने सतत चालू ठेवणे सुकर झाले.

ध्वनिफिती संगणकावर उतरविणे हे कष्टाचे काम आहे, कारण साठ मिनिटांची फीत उतरविण्यास साठच मिनिटे लागतात. तबकडीच्या दर्जाने मुद्रित केल्यास तासाभराच्या ध्वनीस सु. ६३५ मेगाबाइट जागा लागते. एमपी-३ पद्धतीने सेकंदास १२८ किलोबिट दराने आकुंचित केल्यास सु. ५८ मेगाबाइट पुरतात. जतनासाठी पहिली प्रत व ऐकण्यासाठी दुसरी, असा विभाग करणे हिताचे ठरते. समक्रमणात एक सार्वत्रिक गैरसमज आढळतो. समक्रमण म्हणजे जतन नव्हे: एका साधनावर चुकून पुसलेली ध्वनिफीत दुसऱ्यावरूनही तत्परतेने पुसली जाते. तिसरी, अलग ठेवलेली प्रत नसेल, तर कुटुंबाचा संग्रह एका चुकीसरशी नाहीसा होतो.

मराठी नावांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. युनिकोड संकेतावलीत ‘ऱ’ हे अक्षर एका चिन्हानेही लिहिता येते आणि ‘र’ व नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. मॅक संगणकांच्या जुन्या धारिकाव्यवस्थेत दुसरा प्रकार साठविला जाई, तर इतर यंत्रांत बहुधा पहिला. परिणामी पु. ल. देशपांडे यांच्या ‘वाऱ्यावरची वरात’ची एकच ध्वनिफीत दोन साधनांदरम्यान समक्रमित करताना दोन वेगळ्या धारिका म्हणून उतरू शकते, डोळ्यांना दोन्ही नावे अगदी सारखीच दिसतात.

महाजालावरून प्रवाहित होणाऱ्या संगीताने घरातील संग्रहाची गरज संपविली, असे वाटण्याजोगी परिस्थिती सप्टेंबर २०१६ नंतर आली. त्या महिन्यात जिओची सेवा सुरू होऊन भ्रमणध्वनीवरील विदा स्वस्त झाला. तथापि त्या आधीचाच एक अनुभव बोलका आहे. पुण्यात कार्यालय असलेली धिंगाणा ही भारतीय संगीताची प्रवाहनसेवा २००७ मध्ये सुरू झाली. टी-सीरिजशी असलेला करार संपल्यावर २०१४ च्या प्रारंभी ती बंद पडली व आरडिओ या अमेरिकी कंपनीने ती घेतली. २०१५ अखेर आरडिओही बंद झाली. तिच्यावर श्रोत्यांनी हौसेने रचलेल्या गीतमाला तिच्याबरोबरच गेल्या. याच्या उलट, पाच हजार गीते आधीच भरलेला कारवाँ हा सारेगामाचा संच २०१७ मध्ये बाजारात आला व चांगला खपला. त्याची मराठी आवृत्तीही निघाली. दिसायला तो जुन्या नभोवाणी संचासारखा असला, तरी गाणी त्यात घरचीच असतात.

कायद्याच्या दृष्टीने, १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमातील खाजगी वापराच्या न्याय्य व्यवहाराची सवलत २०१२ च्या दुरुस्तीने ध्वनिमुद्रणे व चलचित्रे यांनाही लागू झाली. त्याच दुरुस्तीने प्रतिरोधक तांत्रिक कुलपे हक्कभंगाच्या हेतूने तोडणे दंडनीय ठरविले. घरी मुद्रित केलेल्या जलशाच्या फितीस असे कुलूप नसते. तिला धोका असतो तो पावसाळी दमटपणाचा आणि बुरशीचा.