रापणीतला हिशेब

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढली जाऊ लागली की शाळेला सुट्टी नसली तरी पोरे ती घेतातच. एकदा त्यांना हुडकायला म्हणून गेलो आणि मास्तरकी विसरून मीही दोराला हात लावला. जाळे वाळूवर आले. बांगडे, पेडवे, मधूनच एखादी मुडदुशी. आलोच आहे तर थोडे शिकवावे, या हेतूने पोरांना म्हटले, "किती जातींचे मासे आहेत, मोजा पाहू!"

शेजारचा म्हातारा रापणकर हसला. "मास्तरांनू, मोजून काय मासो वाढतलो?"

प्रश्न खोचक खरा. पण मोजल्यावाचून चालत नाही, हे जाणत्यांनाही उशिराच उमगले. अमेरिकेतील नेब्रास्काच्या माळावर पाउंड आणि क्लेमेंट्स या दोघांनी १८९८ च्या सुमारास जमिनीवर चौरस आखून आतले एकेक रोप मोजले, तेव्हा नुसत्या नजरेचा अंदाज किती फसवा असतो ते त्यांना कळले. पुढे कॉर्बेट नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने मलायातून फुलपाखरे गोळा केली. त्यांत ११८ जाती अशा, की प्रत्येकीचे एकेकच फुलपाखरू हाती आलेले! मग जाळ्यात न आलेल्या जाती किती असतील? फिशर या संख्याशास्त्रज्ञाने त्यासाठी गणित मांडले. ते १९४३ साली प्रसिद्ध झाले. एकुलत्या एका जिवावरून न दिसलेल्यांचा माग काढायचा, ही मला तर एखाद्या रहस्यकथेसारखी वाटते.

पण नुसत्या जाती मोजूनही भागत नाही. दोन रापणी घ्या. दोन्हींत शंभर मासे, दहा जाती. पहिलीत ९१ बांगडे आणि बाकीच्या नऊ जातींचा एकेक मासा. दुसरीत प्रत्येक जातीचे दहा. डोळे मिटून दोन मासे उचलले, तर ते एकाच जातीचे निघण्याचा संभव पहिलीत शंभरात सुमारे ८३, दुसरीत जेमतेम ९. हा हिशेब सिम्प्सनने १९४९ साली मांडला. महायुद्धात हा गृहस्थ शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडण्याच्या कामावर होता!

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचा समुद्र १९८७ साली अभयारण्य ठरला. तिथल्या खडकांवरील प्रवाळ मोजताना पाणबुडे तळाशी फीत अंथरतात आणि तिच्याखाली काय काय येते ते लिहून घेतात. पुढच्या खेपेस पुन्हा तसेच. माप तेच राहिले, तरच उणे काय झाले ते कळायचे.

रापणकर तर कित्येक वर्षे सांगत होते, पर्ससीनच्या नौका मासळी उपसून नेतात. सरकारने सोमवंशी समिती नेमली, आकडे पुढे आले आणि ५ फेब्रुवारी २०१६ रोजी त्या मासेमारीवर निर्बंध घालणारा आदेश निघाला. आजोबांच्या वेळी रापणीत काय काय येई, हे कुणी वहीत टिपून ठेवले असते, तर?

"गुरुजी, अकरा जाती!" पोरे ओरडली.

म्हाताऱ्याने जाळ्याच्या भोकात अडकलेला बोटभर मासा हलकेच सोडवला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"मास्तरांनू, हो बारावो रवलो."