साक्षीदार कीं आरोपी?

डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागतो. मिस्त्री संकेतांक वाचतो. त्यांत ऑक्सिजन सेन्सरचा उल्लेख निघतो. सेन्सर बदलला जातो, दिवा विझतो, मालक पैसे मोजून घरीं जातो. आणि थोड्याच दिवसांत तोच दिवा, तोच संकेतांक! या फेऱ्यांतून सुटण्याचा मार्ग सेन्सरच्या जन्मकथेंतच सांपडतो.

ही कथा धुरापासून सुरू होते. १९४३ च्या जुलैंत लॉस एंजेलिस शहरावर डोळे चुरचुरविणारें धुकें उतरलें. युद्धाचे दिवस, शत्रूनेंच विषारी वायु सोडला असावा, असें कित्येकांस वाटलें. पुढें १९५० नंतरच्या दशकांत आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं, मोटारी व तेलशुद्धीचे कारखाने यांच्या धुरावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हें धुकें बनतें. १९७० सालीं अमेरिकेनें मोटारींच्या धुरावर कायद्यानें कडक निर्बंध घातले.

कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलें इंधन आणि नायट्रोजनचीं ऑक्साइडें या तिहींचा नाश एकाच कॅटॅलिटिक कन्व्हर्टरनें करावयाचा, तर एक भाग पेट्रोलास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा हें प्रमाण सतत राखावें लागतें. हें प्रमाण राखण्यासाठीं वाल्टर नेर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाचा एकोणिसाव्या शतकांतील सिद्धांत उपयोगीं पडला. तापलेल्या झिर्कोनियाच्या एका अंगास हवा व दुसऱ्यास धूर असला, म्हणजे दोहोंकडील ऑक्सिजनच्या तफावतीमुळें विद्युद्दाब निर्माण होतो. याच तत्त्वावरील बॉशचा सेन्सर १९७६ सालीं प्रथम व्होल्व्होच्या मोटारींत बसला. पेट्रोल अधिक झाल्यास सुमारें ०.९ व्होल्ट, हवा अधिक झाल्यास सुमारें ०.१ व्होल्ट, एवढीच त्याची भाषा.

१९९६ पासून अमेरिकेंतील नव्या मोटारींना समान संकेतांक सक्तीचे झाले. पुढें भारतांतहि ती पद्धत आली. घोटाळा होतो तो त्यांच्या अर्थाविषयीं. ‘पी ०१७१’ म्हणजे मिश्रणांत पेट्रोल कमी, हवा जास्त. येथें सेन्सर बहुधा खरेंच सांगत असतो. चिरलेली व्हॅक्यूम नळी, दुबळा पेट्रोलपंप, मळलेला हवामापक, किंवा सेन्सरच्या अलीकडे फुटलेली धुराची नळी, यांपैकीं कारण शोधावें लागतें. ‘पी ०१३५’ हा संकेतांक मात्र सेन्सर तापविणाऱ्या तारेच्या मंडलाचा आहे. तेथेंहि प्रथम फ्यूज व तारा पाहाव्या. धुराच्या तप्त नळीस टेकून तार जळली असेल, तर नवा सेन्सरहि निरुपयोगीच. आणि सेन्सर खरोखरच वारंवार मरत असेल, तर त्याचा मारेकरी शोधावा: एंजिनांत जळणारें ऑइल किंवा आंत झिरपणारें कूलंट त्यावर पुटें चढवितें.

दिवा नुसता विझवून मोटार हांकीत राहिल्यास मूळ दोष तसाच राहतो, महाग कन्व्हर्टर हळूहळू निकामी होतो, आणि ज्या धुरासाठीं एवढा खटाटोप झाला तो पुन्हां रस्त्यावर येतो. म्हणून सेन्सर बदलण्यापूर्वीं त्याची साक्ष नीट ऐकून घ्यावी, हेंच शहाणपणाचें.