दोन मार्कांचं गणित आणि पन्नास वर्षांचा घोळ

गेल्या शनिवारी आई-बाबांकडे गेलो होतो. माळा आवरायचं काम बरेच महिने माझ्या नावावर पेंडिंग होतं, ते एकदाचं काढलं. एका पिशवीत अकरावीची केमिस्ट्रीची वही निघाली. (ती का जपून ठेवली होती हे आईलाच माहीत.) उघडलं त्या पानावर हे गणित होतं: एका संयुगात ४० टक्के कार्बन, ६.६७ टक्के हायड्रोजन आणि बाकीचा ऑक्सिजन आहे, तर त्याचं सूत्र काढा. मार्क २.

रीत तुम्हालाही आठवत असेल. प्रत्येक टक्केवारीला त्या त्या अणुभाराने भागायचं: ४० भागिले १२, ६.६७ भागिले १, ५३.३३ भागिले १६. आलं ३.३३, ६.६७, ३.३३. मग सगळ्यांना त्यातल्या सर्वांत लहान आकड्याने भागायचं. १:२:१. उत्तर सीएच२ओ, खाली दोन रेघा, पुढचं गणित. मला पैकीच्या पैकी होते.

पण त्या धुळीत बसल्या बसल्या पहिल्यांदाच प्रश्न पडला, की यातले १२ आणि १६ आले कुठून? माझ्यापुरते ते पुस्तकातल्या तक्त्यातून आले. पण तक्ता बनवणाऱ्याकडे कुठून आले? अणू काही कोणी तराजूत टाकलेला नव्हता. रविवार सगळा या एका प्रश्नामागे गेला. माळा अर्धाच आवरून झाला आहे, असो.

आधी ते ४० टक्के बघू, कारण तो भाग सोपा आहे आणि त्यातला माणूस मजेदार आहे. युस्टुस लीबिग, जर्मनीतल्या गीसन गावचा प्राध्यापक. हा गृहस्थ एकविसाव्या वर्षी प्रोफेसर झाला होता. सेंद्रिय पदार्थ कॉपर ऑक्साइडबरोबर काचनळीत जाळायचा, म्हणजे त्यातल्या हायड्रोजनचं पाणी होतं आणि कार्बनचा कार्बन डायऑक्साइड. पाणी कॅल्शियम क्लोराइडने शोषून घ्यायचं आणि त्याच्या वजनातली वाढ मोजायची. हे लोकांना जमत होतं. अडचण कार्बन डायऑक्साइडची होती, कारण वायूचं आकारमान मोजण्यात फार वेळ जायचा आणि चुकाही व्हायच्या. लीबिगने १८३१ मध्ये पाच फुगे असलेली एक वाकडीतिकडी काचनळी प्रसिद्ध केली. फुग्यांत कॉस्टिक पोटॅशचं पाणी. वायू त्यातून बुडबुडत जातो आणि तिथेच अडकतो. नळीचं वजन आधी करा, नंतर करा, झालं. वायूची मोजणी त्याने वजनाची करून टाकली. तेव्हा तो सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा होता, म्हणजे साधारण माझ्याएवढा. (मी या वयात काय बनवलं आहे हे कृपया विचारू नये.) अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बोधचिन्हात आजही ही नळी आहे.

आपल्या गणितातला पदार्थ १ ग्रॅम जाळला तर १.४६७ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ०.६ ग्रॅम पाणी मिळतं. कार्बन डायऑक्साइडच्या वजनात ४४ भागांत १२ भाग कार्बन, म्हणजे ०.४ ग्रॅम. पाण्यात नववा भाग हायड्रोजन, म्हणजे ०.०६६७. उरलेलं ऑक्सिजनच्या खात्यावर. तेव्हा डेटाची अडचण नव्हती. १८३०-४० च्या दशकात चांगल्या प्रयोगशाळेतले टक्के आजच्या टक्क्यांच्या बरेच जवळ येत होते.

आता घोळ कुठे आहे तो. याच टक्क्यांना मी १२ आणि १६ ऐवजी ६ आणि ८ ने भागतो. ४० भागिले ६ म्हणजे ६.६७. हायड्रोजन ६.६७. ५३.३३ भागिले ८ पुन्हा ६.६७. म्हणजे १:१:१, सीएचओ! आकडे आधीच्यापेक्षाही देखणे आले. आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बरेच केमिस्ट खरोखरच कार्बन ६ आणि ऑक्सिजन ८ धरत होते.

याची सुरुवात जॉन डाल्टनपासून होते. मँचेस्टरमध्ये शिकवण्या घेऊन पोट भरणारा हा मास्तर. अणूंचं सापेक्ष वजन काढता येईल ही कल्पना त्याची, आणि ती अफाट होती. पाण्यात १ भाग हायड्रोजनला वजनाने ८ भाग ऑक्सिजन असतो. (डाल्टनला १८०८ च्या पुस्तकात ७ च मिळाला होता, पण ते सोडा.) यावरून ऑक्सिजनचा अणू हायड्रोजनच्या ८ पट जड म्हणायचा का? पाण्यात दोन्हींचा एकेकच अणू असेल तर हो. हायड्रोजनचे दोन असतील तर ऑक्सिजन १६. म्हणजे अणुभार काढायला सूत्र हवं आणि सूत्र काढायला अणुभार हवा. आमच्या भाषेत सर्क्युलर डिपेन्डन्सी! डाल्टनने ती नियम करून तोडली: दोन मूलद्रव्यांचं एकच संयुग माहीत असेल तर त्यात दोघांचा एकेक अणू धरायचा. म्हणून पाणी एचओ आणि अमोनिया एनएच. याला पुरावा काहीच नव्हता. डीफॉल्ट व्हॅल्यू होती, आणि डीफॉल्ट व्हॅल्यू एकदा कोडमध्ये शिरली की किती वर्षं राहते हे तुम्ही-आम्ही जाणतोच.

खरं उत्तर तीन वर्षांत आलं होतं, हे या गोष्टीतलं सगळ्यात बोचणारं आहे. गे-ल्युसॅकने १८०८ मध्ये दाखवलं की वायू साध्या प्रमाणात संयोग पावतात: २ आकारमानं हायड्रोजन आणि १ ऑक्सिजन मिळून २ आकारमानं वाफ. डाल्टनचा या प्रयोगांवर विश्वासच बसला नाही. १८११ मध्ये आमेदेओ ॲव्होगॅड्रोने, जो शिक्षणाने वकील होता, सांगितलं की तापमान आणि दाब सारखे असतील तर सारख्या आकारमानात रेणूही सारखेच असतात. मग ऑक्सिजनच्या एका रेणूपासून वाफेचे दोन रेणू होतात. म्हणजे ऑक्सिजनचा रेणू दुभंगला पाहिजे, म्हणजे तो मुळात जोडीने असला पाहिजे. पाणी एच२ओ. संपला विषय.

पण नाही संपला. डाल्टनच्या मते सारखे अणू एकमेकांना दूर ढकलतात. स्वीडनचा बर्झेलियस म्हणे की संयुग धन आणि ऋण भागांच्या आकर्षणाने बनतं, मग ऑक्सिजन ऑक्सिजनला का चिकटेल? हा माणूस साधा नव्हता. आपण लिहितो ती अक्षरांची चिन्हं त्याची, आणि १८२६ चा त्याचा अणुभारांचा तक्ता आजच्या तक्त्याच्या बराच जवळ होता, पाणी त्यात एच२ओच होतं. पण वायूंचा नियम तो मूलद्रव्यांपुरताच मानत होता. त्यात ड्यूमाने वाफेची घनता मोजायची छान रीत काढली आणि पारा, फॉस्फरस, गंधक यांच्या वाफांनी भलतेच आकडे दिले. लोक म्हणाले, बघा, वाफेवर भरवसा नको. पुष्कळ जण ६ आणि ८ कडे परतले.

परिणाम काय झाला? केकुलेने १८६१ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात ॲसिटिक ॲसिडची, म्हणजे आपल्या व्हिनेगरमधल्या आम्लाची, त्या काळात सुचवली गेलेली सूत्रं एकाखाली एक छापली. ती १९ होती.

हा घोळ निस्तरला सिसिलीच्या स्तानिस्लाओ कानिझारोने. १८४८ च्या उठावात भाग घेतल्याने हा फ्रान्सला पळालेला, पुढे जिनोआत प्राध्यापक झालेला. त्याने १८५८ मध्ये एक लेख लिहिला. नवा शोध म्हणून नाही हं! आपण वर्गात हा विषय कसा शिकवतो त्याचा आराखडा म्हणून. त्यातली बहुतेक मापं दुसऱ्यांनी आधीच घेतलेली होती. त्याची रीत वाचून मी अक्षरशः उठून उभा राहिलो. हायड्रोजनचा रेणू २ धरा. वाफेच्या घनतेवरून कार्बनच्या प्रत्येक संयुगाचा रेणूभार काढा आणि त्यात कार्बन किती ते पृथक्करणावरून बघा. कार्बन मोनॉक्साइड २८, त्यात कार्बन १२. कार्बन डायऑक्साइड ४४, त्यात १२. मिथेन १६, त्यात १२. इथिलीन २८, त्यात २४. कार्बन डायसल्फाइड ७६, त्यात १२. बारा किंवा बाराच्या पटीत, सहा एकदाही नाही. मग अणू बाराचाच. ऑक्सिजन असाच १६. पारा, फॉस्फरस, गंधकाचं काय? प्रत्येक मूलद्रव्याच्या रेणूत दोनच अणू असले पाहिजेत असं कोणी सांगितलंय? पाऱ्याच्या वाफेत एकच, फॉस्फरसच्या वाफेत चार. ज्या आकड्यांवरून ॲव्होगॅड्रोला बाजूला सारलं होतं, ते असे बरोबर बसले.

सप्टेंबर १८६० मध्ये कार्ल्सरूहला शंभराहून जास्त केमिस्ट तीन दिवस जमले, याच गोंधळावर बोलायला. कानिझारो तिथे बोलला. निर्णय काही झाला नाही, विज्ञानाचे प्रश्न मतदानाने सोडवायचे नाहीत एवढं ठरलं. शेवटी त्याच्या पावेसी नावाच्या मित्राने त्या लेखाच्या प्रती वाटल्या. लोथार मायरने ती पुस्तिका परतीच्या वाटेवर वाचली, घरी जाऊन पुन्हा वाचली आणि त्याचे डोळे उघडले. हजर असलेल्यांत सव्वीस वर्षांचा मेंडेलीव्हही होता. नऊ वर्षांनी त्याने मूलद्रव्यांचा जो तक्ता मांडला, तो ६ आणि ८ धरून कधीच जुळला नसता. ॲव्होगॅड्रो मात्र १८५६ मध्ये वारला होता. चार वर्षं कमी पडली.

आता माझं गणित. सीएच२ओ हे गुणोत्तर झालं, रेणू कळायला त्याचं वजन लागतं. वाफ पुरेशी तापवून ६० आली तर ते व्हिनेगरमधलं ॲसिटिक ॲसिड, सी२एच४ओ२. ३० आली तर फॉर्माल्डिहाइड. ग्लुकोज १८०, पण ते तापवलं तर वाफ व्हायच्या आधीच करपतं. अशा पदार्थांसाठी द्रावणाच्या गोठणबिंदूवरून रेणूभार काढायची राऊलची रीत १८८० च्या दशकात आली. दह्यातलं लॅक्टिक ॲसिड ९०. चौघांचेही टक्के अगदी तेच: ४०, ६.६७, ५३.३३.

वही पुन्हा नीट पाहिली. गणितात रेणूभार दिलेलाच नाही. माझ्या उत्तराखाली दोन रेघा आहेत, शेजारी सरांची लाल टिक आहे. पदार्थ कोणता होता ते मात्र कळायला मार्ग नाही.