उनपदेवाचे जल आणि सातपुड्याचे वाघ

रनाळ्याहून नंदुरबारमार्गे उत्तरेस निघालेला यात्रेकरू प्रकाशा येथे तापी ओलांडून शहाद्याच्या काळ्याभोर, सपाट मुलुखात शिरतो, आणि पुढे दरा गावाजवळ, जेथे शेतजमीन संपून सातपुड्याच्या टेकड्यांना प्रारंभ होतो, तेथे उनपदेवाच्या गोमुखातून अहोरात्र वाहणाऱ्या उष्ण जलधारेपाशी पोहोचतो. येथील स्नानाने त्वचाविकार दूर होतात, अशी भाविकांची श्रद्धा आहे. याच पर्वताच्या पायथ्याशी, पूर्वेकडे चोपडा तालुक्यात, दुसरे उनपदेव, सुनपदेव आणि नाझरदेव अशी उष्णोदकाची आणखी तीन स्थाने आहेत. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाने येथील बेसाल्ट खडक घडविला असला, तरी त्या अग्नीचा आजच्या उष्णतेशी संबंध नाही. नर्मदा-तापीच्या खोऱ्यांत भूकवचाला गेलेल्या खोल भेगांतून पावसाचे पाणी खाली मुरते, भूगर्भाच्या स्वाभाविक उष्णतेने तापते आणि पुन्हा वर येते.

ज्या पायथ्याशी हे जल उगम पावते, तोच पायथा एके काळी व्याघ्रांचे निवासस्थान होता. पेशवाईच्या अखेरच्या बंडाळ्यांनी खानदेशातील गावे ओस पडून शेतांवर रान माजले होते, आणि 1818 साली इंग्रजी अंमल बसला तेव्हा माणसापेक्षा वाघाचाच दरारा या प्रांतात अधिक होता. एकट्या 1822 साली हिंस्र श्वापदांनी 500 माणसे व 20,000 गुरे मारल्याची नोंद सरकारी दप्तरात आढळते. अशा स्थितीत रयतेचे रक्षण करण्यासाठी झालेल्या शिकारीस अन्याय म्हणता येणार नाही. परंतु रक्षणाचे रूपांतर लवकरच पराक्रमाच्या हव्यासात झाले. 1825 साली धरणगावी भिल्ल पलटण उभारणाऱ्या इंग्रज अधिकारी जेम्स आउट्रमने शिकारीतील सहवासानेच भिल्लांचा विश्वास संपादन केला, आणि सुमारे दहा वर्षांत 191 वाघांचा वध त्याच्या शिकारींत झाला, असे त्याच्या चरित्राचा दाखला सांगतो. पुढे बक्षिसांच्या लोभाने आणि जंगलतोडीने उरलेले काम पूर्ण केले.

याच शतकात, 1872 साली, अमेरिकेने यलोस्टोनचे उष्ण झरे, अरण्य आणि त्यातील श्वापदे एकाच कायद्याच्या छत्राखाली आणून जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान स्थापिले. ही दूरदृष्टी वंदनीय असली, तरी तेथील मूळ रहिवाशांना पुढे त्या भूमीतून दूर करण्यात आले, हेही विसरता येत नाही. आपल्याकडे 1878 च्या जंगल कायद्याने राखीव वने निर्माण झाली. पण त्या बंदोबस्ताचा भार भिल्ल-पावरांच्या परंपरागत हक्कांवर पडला, आणि जे अरण्याचे जाणते होते तेच त्या अरण्यात गुन्हेगार ठरू लागले.

उनपदेवाचे जल टिकले, कारण देवत्वाच्या भावनेने लोकांनीच त्याचा सांभाळ केला. वाघाला मात्र असा लोकाश्रय लाभला नाही आणि सरकारचे संरक्षण फार उशिरा आले. पूर्वेकडे यावल अभयारण्य 1969 साली जाहीर झाले. नंदुरबार जिल्ह्यात आजही राष्ट्रीय उद्यान नाही. तथापि झऱ्याचे भवितव्य वनापासून वेगळे नाही, कारण उतार उघडा पडला तर पावसाचे पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते. 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना सामूहिक वनसंपत्तीच्या रक्षणाचा अधिकार दिला आहे. गोमुखापाशी स्नान करून परतणाऱ्या प्रत्येक यात्रेकरूने त्या धारेइतकाच तिच्या माथ्यावरील डोंगरही पवित्र मानावा, आणि तो राखणाऱ्या ग्रामसभांच्या पाठीशी उभे राहावे. सरकारी फर्मानाची वाट न पाहता करता येण्याजोगे हे कार्य आहे.