१९२० उन्हाळी ऑलिंपिक खेळात भारत

भारताने बेल्जियममधील अँटवर्प येथे झालेल्या १९२० उन्हाळी ऑलिंपिक खेळांत सहा खेळाडूंसह भाग घेतला. भारताने ऑलिंपिकला संघ पाठविण्याची ही पहिलीच वेळ होती. त्यापूर्वी १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नॉर्मन प्रिचर्ड यांनी दोन रौप्यपदके मिळवली होती. परंतु ते वैयक्तिकरीत्या सहभागी झाले होते आणि ती पदके भारताच्या नावावर मांडावीत की ब्रिटनच्या, याविषयी आजही मतभेद आहेत.

पार्श्वभूमी

या सहभागाची सुरुवात पुण्यातील डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर झाली. जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी १९१९ च्या सुमारास तेथील शर्यतींत खेड्यांतून आलेले शेतकरी अनवाणी धावताना पाहिले. लांब पल्ल्याच्या शर्यतींतील त्यांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या तुलनेत फारशा मागे नाहीत, असे त्यांच्या लक्षात आले. टाटांनी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या मदतीने भारताला प्रवेश मिळवून दिला. आधुनिक क्रीडानियमांची ओळख मात्र बेताचीच होती. १०० मीटरसाठी पात्रता वेळ किती असावी, या प्रश्नावर जिमखान्याच्या एका सदस्याने ‘एक-दोन मिनिटे’ असे उत्तर दिल्याचा किस्सा सांगितला जातो.

निवड चाचणी पुण्यातच झाली. खर्चाचा भार सरकार, स्वतः टाटा व इतर देणगीदार यांनी उचलला. सोहराब भूत व ए.एच.ए. फैजी हे व्यवस्थापक होते. अँटवर्पला जाण्यापूर्वी संघाने इंग्लंडमध्ये सराव केला.

ॲथलेटिक्स

उद्घाटन सोहळ्यात ध्वज धरण्याचा मान पुरमा बॅनर्जी यांना मिळाला. ते १०० व ४०० मीटर शर्यतींत प्राथमिक फेरीतच बाद झाले. एच.डी. कैकाडी यांनाही लांब पल्ल्याच्या शर्यतींत यश आले नाही.

२२ ऑगस्टच्या मॅरेथॉनमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले यांनी २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत १९ वे स्थान मिळवले. हे अंतर ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आजच्या प्रमाणित मॅरेथॉनहून जास्त होते. विजेते फिनलंडचे हॅनेस कोलेहमैनेन त्यांच्यापेक्षा सुमारे १८ मिनिटे आधी पोहोचले. सदाशिव दातार यांना शर्यत पूर्ण करता आली नाही.

कुस्ती

मातीत घडलेल्या दोन मल्लांना येथे गादीवर, परक्या नियमांनुसार लढावे लागले. कुमार नवले मिडलवेट गटात पहिल्याच लढतीत अमेरिकेच्या चार्ल्स जॉन्सनकडून पराभूत झाले. फेदरवेट गटात रणधीर शिंदे यांनी ब्रिटनच्या हेन्री इनमनला हरवून उपांत्य फेरी गाठली. त्या फेरीत आणि नंतर कांस्यपदकासाठी ब्रिटनच्या फिलिप बर्नार्डविरुद्ध हरल्याने ते चौथे आले. संघातील ही सर्वोत्तम कामगिरी होय. इंग्रजी नोंदींत त्यांचे आडनाव ‘शिंदेस’ असे पडल्यामुळे मराठी वाचकालाही ते चटकन ओळखू येत नाही. कुस्तीतील भारताचे पहिले ऑलिंपिक पदक त्यानंतर ३२ वर्षांनी, १९५२ मध्ये हेलसिंकी येथे, खाशाबा जाधव यांनी जिंकले.

नंतरच्या घडामोडी

दोराबजी टाटा आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सदस्य झाले. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला भारताने पुन्हा संघ पाठविला आणि १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली.