तळटीप : 'शिवाजी' नावाचे विमान
१२. येथे 'शिवाजी' म्हणजे एअर इंडियाचे बोइंग ७४७-३०० विमान. जुन्नरच्या शिवनेरीवर जन्मलेल्या महाराजांचे नाव त्याला दिलेले होते. १९७१ साली आलेले पहिले ७४७ 'एम्परर अशोक'. तेव्हापासून कंपनीची जंबो विमाने सम्राटांची नि राजांची नावे मिरवू लागली. प्रत्येक खिडकीभोवती तांबडी महिरप रंगवलेली, त्यामुळे झरोक्यांचा महालच उडतो आहे असे वाटे. ७४७-३०० चा वरचा मजला लांबवलेला, म्हणून तिथली झरोक्यांची रांगही लांबली. माझ्या मते हेच रूप सर्वांत देखणे. चार इंजिनांचा इंधनखर्च परवडेना, तशी ही विमाने मागे पडली. नंतरच्या ७४७-४०० पैकी 'आग्रा' २२ एप्रिल २०२४ रोजी पंख हलवत मुंबईहून कायमचे गेले. – संपा.